विषय: 'लाइव्ह क्रिकेटसह' म्हणून विकलेल्या कॉम्बो प्लॅनमध्ये क्रिकेट दिसत नसल्याबाबत

प्रति,
नोडल अधिकारी, ग्राहक सेवा विभाग

माझी तक्रार 'समाधानकारकरीत्या सोडवली' असा मेसेज आज दुपारी आला. ती सुटलेली नाही, म्हणून आता लेखी.

इंदिरानगरला आमच्या सोसायटीत आपला माणूस फायबर आणि सेट-टॉप बॉक्स एकत्र गळ्यात मारून गेला. पत्रकावर ठळक अक्षरांत 'लाइव्ह क्रिकेट समाविष्ट'. वर्षाचे पैसे आगाऊ घेतले. भारताचा वनडे सामना सुरू झाला, तर बॉक्सवर 'हे चॅनेल आपल्या पॅकमध्ये नाही' आणि टीव्हीवरच्या ॲपमध्ये 'आपला प्लॅन या उपकरणावर चालत नाही'. टीव्हीवाले म्हणतात नेटवाल्यांना विचारा, नेटवाले म्हणतात टीव्हीवाल्यांना. बिल मात्र एकच येतं, तिथे टोलवाटोलवी नाही.

आता आजचा संवाद. रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, जरूर ऐका. मराठीसाठी बटण दाबलं, बोलायला हिंदी. मीच मराठी सोडलं नाही, तेव्हा दुसऱ्याकडे फोन गेला.

"सर, आपल्या प्लॅनमध्ये ॲप फक्त मोबाइलसाठी आहे."
"आणि बॉक्सवरचं चॅनेल?"
"त्यासाठी स्पोर्ट्स ॲड-ऑन घ्यावा लागेल, सर."
"पत्रकावर समाविष्ट लिहिलंय."
"मोबाइलवर समाविष्टच आहे ना, सर. मोबाइल स्टँडवर ठेवा, सगळ्या फॅमिलीला दिसेल."

माझ्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांना त्या वीतभर काचेवर चेंडू कुठे दिसणार, असं विचारलं. उत्तर आलं, "मग दूरदर्शनवर बघा सर, भारताची मॅच फ्री असते." वाहवा! २००७ च्या कायद्याने हक्क घेणाऱ्या चॅनेलला अशा सामन्याचा सिग्नल दूरदर्शनला द्यावा लागतो, खरंय. पण तो खासगी केबल किंवा डीटीएचवर दाखवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. दूरदर्शनची फ्री डिश लावली तर दिसेल. म्हणजे तुम्हाला वर्षाचे पैसे द्यायचे आणि सामना बघायला गच्चीवर दुसरी छत्री लावायची. हा सल्ला तुमच्याच पगारी माणसाने दिला! वर "आणखी काही मदत करू शकतो का?" हे विचारलंच.

हक्कांची ओढाताण मला कळत नाही असं नाही. २०२२ च्या लिलावात आयपीएलचे टीव्ही हक्क स्टारने २३,५७५ कोटींना घेतले, डिजिटल हक्क वायाकॉम१८ कडे गेले. मग २०२३ ची आयपीएल मोबाइलवर फुकट दाखवून लोकांना सवय लावली. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोघं एक झाले, आणि फुकटचे दिवस सरले. त्यांनी कोटी मोजले, ते वसूल करणारच. पण त्यांच्याशी तुमचा काय करार आहे, बॉक्सवर काय आणि ॲपवर काय, हे विकण्याआधी सांगायला कुणी अडवलं होतं? २०१९ पासून दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाने प्रत्येक चॅनेलची किंमत छापील असते. तेवढं चॅनेल सुटं घेतलं असतं तर तुमच्या कॉम्बोची गरजच नव्हती. आणि पत्रकावर 'समाविष्ट' लिहिलंय, हे पुन्हा सांगतो.

नाशकात आपण नवीन आलात तेव्हा सोसायटीतल्या चार घरांना मीच तुमचं नाव सांगितलं होतं. आता जिन्यात भेटले की तेच लोक मला स्कोअर विचारतात.

सात दिवसांत टीव्हीवर सामना सुरू करा, नाहीतर उरलेल्या महिन्यांचे पैसे आणि बॉक्सची अनामत परत करा. 'अपग्रेड' सुचवायला फोन करू नका. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि मग नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि पत्रक मी जपून ठेवलंय.

बॉक्स काढून ठेवला आहे. न्यायला माणूस पाठवा. विक्रीवाला नको.

आपला (अजून तरी) ग्राहक,
इंदिरानगर, नाशिक