सेन्सर लावण्याआधी

पुणे

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. दंडावर लावायचा शुगरचा सेन्सर डॉक्टरांनी सुचवला आहे, तो खरोखर उपयोगाचा आहे की नवे काहीतरी निघाले म्हणून सांगतात, असे तू विचारले आहेस. दोन वेळा मिक्स इन्सुलिन घेणाऱ्या आणि रात्री शुगर उतरेल या धास्तीने झोपताना मुद्दाम दूध-बिस्किटे खाऊन सकाळची फास्टिंग दोनशेपलीकडे नेणाऱ्या तुझ्यासारख्या माणसाने तो अवश्य लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मोबाइलवर दिसणारा त्याचा आकडा कमी आणि शुगर कुठे निघाली हे सांगणारा बाण व दिवसभराचा चढउतार दाखवणारी रेघ जास्त पाहायची, हे मनाशी पक्के करून लाव. नाहीतर दिवसातून पन्नास वेळा मोबाइल काढून जीव टांगणीला लावून घेण्यापलीकडे हाती काही येणार नाही.

तो काय मोजतो हे आधी समजून घे, कारण पुढचे सगळे गैरसमज तिथूनच सुरू होतात. नाण्यापेक्षा थोडी मोठी अशी ती चकती दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवतात. लावताना आत जाणारी सुई लगेच बाहेर येते आणि कातडीखाली उरतो तो सुमारे अर्धा सेंटिमीटर लांबीचा, केसासारखा बारीक, लवचीक तंतू. त्या तंतूवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम असते. ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली की अगदी सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहावरून आकडा काढला जातो. पण हा तंतू रक्तवाहिनीत नसतो, तर पेशींभोवतीच्या द्रवात असतो, आणि रक्तातली साखर त्या द्रवात उतरायला काही मिनिटे लागतात. शुगर स्थिर असताना हा फरक जाणवत नाही. ती झपाट्याने चढत किंवा उतरत असेल, तेव्हा मात्र सेन्सर पाच-दहा मिनिटांपूर्वीची गोष्ट सांगत असतो.

म्हणून ग्लुकोमीटर आणि पट्ट्या माळ्यावर टाकू नकोस. समज, शुगर साठावर आली, घाम फुटला आणि तू पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे सपाट तीन-चार चमचे, पाण्यात ढवळून घेतलीस. पंधरा मिनिटांनी रक्तातली शुगर सावरलेली असते, पण सेन्सर अजून साठ-बासष्टच दाखवत राहतो. ते पाहून माणूस घाबरतो, वर एक लाडू खातो, मग केळे खातो आणि तासाभरात अडीचशेवर जातो. अशा वेळी बोट टोचून पाहायचे आणि त्यावर विश्वास ठेवायचा. अंगात होणारी जाणीव आणि मोबाइलवरचा आकडा यांचा मेळ बसत नसेल, तेव्हाही तेच करायचे.

आता बाणाविषयी. ‘११०’ हा आकडा एकच, पण त्यापुढे आडवा बाण असेल तर तू निर्धास्तपणे फिरायला जा. तोच ११० सरळ खाली जाणाऱ्या बाणासह दिसला, तर शुगर मिनिटाला, डेसिलिटरमागे दोन मिलिग्रॅमपेक्षा अधिक वेगाने उतरते आहे असा बहुतेक सेन्सरांत त्याचा अर्थ असतो. ती अशीच उतरत राहिली तर अर्ध्या तासात तू पन्नासवर येशील, आणि तेव्हा कदाचित घरापासून लांब, एकटा, रस्त्यावर असशील. बोटाच्या रक्ताने या दोन ११०मधला फरक कधीच कळला नसता. सेन्सरला आपण पैसे मोजतो ते मुख्यतः याच माहितीसाठी.

शुगर उतरलेली दिसली की मोबाइलवर गजर वाजतो, त्या रात्रीच्या गजराचीही तयारी ठेव. मला डाव्या कुशीवर झोपायची सवय आहे आणि माझा पहिला सेन्सर डाव्याच दंडावर होता. एका पहाटे तीनच्या सुमारास गजर वाजला, आकडा ५८. सौभाग्यवती साखरेचा डबा घेऊन धावत आली. अंगाला घाम नव्हता, थरथर नव्हती, म्हणून आधी बोट टोचले तर ११२. दंड अंगाखाली दाबला गेला की त्या जागेचा द्रव हलतो आणि सेन्सर खोटाच कमी आकडा दाखवतो. कूस बदलली की थोड्या वेळात तो आपोआप जागेवर येतो. आलेखात ही जागा ओळखू येते: रेघ एकदम खड्ड्यात पडते आणि तशीच एकदम वर येते. खरी शुगर उतरते तेव्हा उतार सहसा इतका तुटक नसतो. तू उजव्या कुशीवर झोपतोस, तेव्हा डावा दंड निवड.

खाण्याच्या बाबतीत मात्र मी काही दिवस अगदी थक्क होऊन रेघ पाहत होतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली की माझी रेघ डोंगर चढावा तशी चढत असे आणि तीन तास खाली यायचे नाव घेत नसे. भगर आणि दाण्याची आमटी मोजून घेतली की चढ असे, पण बुटका. उपवासाचा पदार्थ हलका असतो हे आपण आईकडून ऐकत आलो, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ, त्याला तो तरी काय करणार! रात्री जेवणानंतर वीस मिनिटे चाललो की शिखर ठेंगणे होते, कारण काम करणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. आणि पहाटे चारनंतर पोटात कण नसताना रेघ वर सरकू लागते, कारण त्या वेळी कॉर्टिसोलसारखी संप्रेरके यकृताला साखर सोडायला लावतात. तुझी फास्टिंग दूध-बिस्किटांमुळे वाढते, या पहाटेच्या चढामुळे की रात्री खरोखर उतरून पुन्हा उसळते, हे झोपेतली रेघच सांगेल. तुझ्या बाबतीत मला हाच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

आकडा वर दिसला म्हणून मनाने इन्सुलिन वाढवायचे नाही, हे तुला वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. आधी घेतलेले इन्सुलिन काही तास काम करत असते. त्यावर आणखी युनिट चढवले की दोन्हींचा जोर एकदम पडतो. रेघ डॉक्टरांना दाखव आणि डोस त्यांना ठरवू दे. १९९९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या यंत्रात तर रुग्णाला आकडा दिसतच नसे. तीन दिवसांची नोंद नंतर दवाखान्यात उतरवून डॉक्टरच पाहत. ती पद्धत अगदीच वाईट नव्हती, असे मला अधूनमधून वाटते.

सेन्सरच्या अहवालात ७० ते १८० या पट्ट्यात किती वेळ गेला ते पाहा. २०१९ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बहुतेकांसाठी तो ७० टक्क्यांहून अधिक आणि ७०च्या खालचा वेळ ४ टक्क्यांहून कमी असावा. वयस्क किंवा जोखमीच्या रुग्णांसाठी मात्र पट्ट्यात ५० टक्क्यांहून अधिक वेळ पुरतो. पण ७०च्या खाली १ टक्काही जाता कामा नये. तुझी अँजिओप्लास्टी झालेली आहे, तेव्हा आपले कोणते लक्ष्य, हे डॉक्टरांना स्पष्ट विचार. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी, ७ आली तर सरासरी सुमारे १५४. ती सरासरी दिवसभर १५०च्या आसपास राहूनही येते आणि ५० व ३०० यांच्यात हेलकावे खाऊनही येते. तुझा रिपोर्ट ‘छान’ येऊनही तुला रात्री घाम का फुटतो, हे कोडे इथे सुटू शकेल.

वर्षभर तो लावून बसायची मात्र तुला गरज दिसत नाही. एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात आणि तो दोन आठवड्यांच्या आसपास चालतो. टाइप १च्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच न होणाऱ्या मधुमेहाच्या मुलांना तो सतत लागतो, तिथे खर्चाचा विचार वेगळा. तू लागोपाठ दोन लाव, औषधे-जेवण बसवून घे, मग काही महिन्यांनी पुन्हा एक. लग्नसराईचे दिवस निवडू नकोस, रोजचे साधे जेवण चालू असताना लाव, आणि काय खाल्ले, इन्सुलिन कधी टोचले, कधी चाललास हे वहीत लिही. ती वही नसेल तर रेघेचा अर्थ नंतर कोणालाच लागत नाही. तुझी लेक बंगळुरूहून तुझे आकडे मोबाइलवर पाहू म्हणेल. रात्रीच्या गजरापुरते तिला जोडून घे; दुपारच्या प्रत्येक घासाचा हिशेब तिच्याकडे जाऊ देऊ नकोस.

चघळायच्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या तू सर्दीच्या नावाखाली रोज खातोस, त्या डॉक्टरांच्या कानावर घाल, कारण काही सेन्सरांत जास्त मात्रेतल्या या जीवनसत्त्वामुळे आकडा खोटाच चढा दिसतो. आणि गुडघ्याचे एमआरआय ठरले आहे ना? सेन्सर बहुधा काढूनच आत जावे लागते आणि काढलेला पुन्हा लावता येत नाही. तेव्हा ते आधी उरकून घे, आणि तारीख ठरली की कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत