वाईच्या मेडिकलवाल्या काकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

गावातल्या गावात, आणि तेही ज्यांच्या काउंटरसमोर मी दर महिन्याला उभी राहते त्यांनाच, पत्र लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न तुम्हांला पडेल. प्रयोजन असे, की समोरासमोर आभार मानू लागले की तुम्ही "अहो, औषधं विकणं हा आमचा धंदाच आहे" असे म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेता आणि विषय तेथेच मिटतो. शिवाय करोनाच्या काळातील डॉक्टर, परिचारिका, पोलीस आणि सफाई कामगार यांच्याबद्दल भरपूर लिहिले गेले, ते योग्यच होते. परंतु टाळेबंदीत रोज सकाळी मेडिकलचे शटर वर करणाऱ्यांबद्दल कोणी फारसे लिहिले नाही. म्हणून हे पत्र चारचौघांनी वाचावे अशा रीतीने लिहीत आहे. तुमचे आणि दुकानाचे नाव मात्र तुम्हांला रुचणार नाही हे जाणून गाळले आहे.

मला ल्युपस आहे, हे माझ्या कित्येक नातेवाइकांच्या आधीपासून तुम्हांला ठाऊक आहे. इतरांसाठी थोडक्यात सांगायचे, तर या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा बाहेरून आलेल्या जंतूंना सोडून आपल्याच सांध्यांवर, त्वचेवर, रक्तपेशींवर आणि मूत्रपिंडांवर हल्ला करते. दर दहा रुग्णांपैकी साधारण नऊ स्त्रिया असतात आणि त्यांतील बहुतेकींना तो ऐन उमेदीच्या वयात गाठतो. तो आटोक्यात राहतो, समूळ जात नाही. माझ्या मूत्रपिंडांना त्याने एकदा चांगलाच हिसका दाखवल्यामुळे मला मायकोफेनोलेट, थोड्या मात्रेत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, म्हणजे आम्हा रुग्णांच्या बोलीतले 'एचसीक्यू', अशी तीन औषधे चालू आहेत. पहिली दोन प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, त्यामुळे साथीच्या दिवसांत आमच्यासारख्यांना दुहेरी भीती होती: औषध घ्यावे तर विषाणूशी लढण्याचे बळ कमी, आणि सोडावे तर आजारच उसळून येणार. (स्टेरॉइडने चेहरा सुजून गोल झाला की "छान बाळसं धरलंस हो" अशी शाबासकी मिळते, तो लाभ वेगळा.)

तिसऱ्या औषधाची गोष्ट निराळी आहे आणि या पत्राचा विषयही तोच आहे. एचसीक्यू मुळात मलेरियाचे औषध असले, तरी ल्युपसच्या उपचारात ते पायाचे मानले जाते. ते अंगात सावकाश मुरते. गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि बंद केल्यावरही ते शरीरात कित्येक आठवडे रेंगाळते. आज गोळी चुकली म्हणून उद्या काही बिघडत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट लोकांच्या गळी उतरवणे सर्वांत अवघड असते. "महिनाभर नाही मिळाली तर काय होतंय?" असे मला अनेकांनी विचारले. होते ते नंतर, निवांतपणे होते: आधी संध्याकाळचा बारीक ताप, मग बोटांच्या पेरांत सकाळची कळ, आणि एखाद्या दिवशी लघवीच्या तपासणीत प्रथिने वाढलेली, म्हणजे मूत्रपिंडांवर पुन्हा हल्ला.

मार्च २०२० मध्ये काय घडले ते तुम्ही काउंटरच्या आतून पाहिले आणि मी बाहेरून. तिसऱ्या आठवड्यात अमेरिकेच्या अध्यक्षांनी या औषधाचे जाहीर कौतुक केले. पाठोपाठ आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, करोना रुग्णांची सेवा करणारे आरोग्य कर्मचारी आणि बाधितांच्या घरातील माणसे यांना प्रतिबंधक म्हणून ते देण्याची शिफारस केली. शिफारस एवढ्यापुरतीच होती. प्रयोगशाळेतील काही निरीक्षणे आणि अगदी मोजक्या रुग्णांवरचा अभ्यास यांपलीकडे तिला फारसा आधार नव्हता, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते. लोकांनी तर तिच्यातले 'कोणाला' हे वाचलेच नाही, फक्त औषधाचे नाव वाचले. बंगल्यांतून, सोसायट्यांतून, कचेऱ्यांतून 'घरात असू द्यावे' म्हणून गोळ्या जमा होऊ लागल्या. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली आणि त्याच दिवशी सरकारने या औषधाच्या निर्यातीवर निर्बंध घातले. ४ एप्रिलला ते आणखी कडक झाले आणि ७ एप्रिलला सैल करण्यात आले. जगातील प्रमुख उत्पादकांमध्ये ज्या देशाची गणना होते, त्या देशात आम्ही रुग्ण एकमेकांना व्हॉट्सॲपवर "कोणाकडे शिल्लक आहे का?" असे विचारत होतो. शहरातील एका दुकानाने माझ्या मावसबहिणीला, चिठ्ठी दाखवूनही, "ते आता करोनाचं औषध झालंय, मिळणार नाही" असे सांगून परत पाठवले. माझे उपचार पुण्यात चालतात. मधल्या काळात शिरवळच्या पुढे, नीरेच्या पुलापलीकडे जाणे पासाशिवाय अशक्य झाले होते, आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यातील इस्लामपुरात एकाच कुटुंबाच्या संपर्कातून वीसहून अधिक जण बाधित झाल्याने वाईतही सगळे धास्तावले होते.

त्या दिवसांत तुमच्या दुकानापुढे फक्कीने गोल आखलेले होते आणि रांग थेट कोपऱ्यापर्यंत जात होती. एप्रिलचे ऊन होते. ल्युपसच्या रुग्णाला ऊन बाधते, त्याने आजार उफाळू शकतो, हे मी तुम्हांला कधीच सांगितले नव्हते. तुम्ही माझ्या चिठ्ठीवरचे निदान आणि माझ्या गालांवरचा लाल चट्टा पाहून आपणहून म्हणालात, "ताई, तुम्ही रांगेत थांबू नका. साडेआठला मागच्या बोळातून या, मी कडी काढून ठेवतो." रांगेतल्या एका बाईंनी "यांना काय झालंय? धडधाकट तर दिसतात" असे म्हटलेले मी ऐकले. तुम्हीही ऐकले असणार, पण तुम्ही माझ्या आजाराचा खुलासा रस्त्यावर केला नाहीत. "त्यांची वेळ ठरलेली आहे," एवढेच सांगितलेत. आजार दिसत नाही म्हणून तो सतत सिद्ध करत बसावा लागणाऱ्या माणसाला त्या एका वाक्याचे किती मोल वाटले असेल, याची तुम्हांला कदाचित कल्पना नसेल.

अशाच एका सकाळी मी मागच्या बाजूला खोक्यांपाशी उभी असताना पुढच्या काउंटरवर आलेले एक गृहस्थ मला दिसत होते. त्यांना घरातल्या सगळ्यांसाठी आणि कारखान्यातल्या माणसांसाठी एचसीक्यू हवे होते, चिठ्ठी नव्हती. "डॉक्टर माझे मित्रच आहेत, नंतर पाठवतो," असे ते म्हणाले. एव्हाना, म्हणजे २६ मार्चपासून, केंद्र सरकारने या औषधाच्या किरकोळ विक्रीला एच-१ परिशिष्टाच्या अटी लागू केल्या होत्या. रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव व पत्ता आणि दिलेली मात्रा नोंदवहीत लिहिल्याशिवाय ते विकता येत नव्हते. तुम्ही ती लांबोडकी वही काउंटरवर उघडून ठेवलीत, पेनाचे टोपण काढलेत आणि विचारलेत, "रुग्णाचं नाव काय लिहू?" ते गृहस्थ चिडले, इतक्या वर्षांची खरेदी, ओळखीपाळखी, सगळे त्यांनी काढले. तुम्ही पेन तसेच धरून उभे राहिलात. शेवटी म्हणालात, "साहेब, माझ्याकडे हे रोज घेणारी सात-आठ माणसं आहेत. त्यांचं आहे ते. मी नुसतं सांभाळतोय." ते गृहस्थ नंतर तुमच्याकडे कधी आले नाहीत, हे मला दुसरीकडून कळले. त्यांच्या घरचे महिन्याचे बिल तुमच्या दुकानाच्या दृष्टीने लहान नव्हते, हेही मला माहीत आहे.

नियम सगळ्याच दुकानांना होता. पण नियम येण्याआधीच्या आठवड्यात, रेडिओवर आणि टीव्हीवर या औषधाचे नाव गाजू लागले तेव्हाच, तुम्ही जुन्या चिठ्ठ्या चाळून ल्युपस आणि संधिवाताच्या रुग्णांची यादी केली होती आणि प्रत्येकाच्या नावाची पाकिटे कपाटात वेगळी काढली होती. लग्नपत्रिकांच्या जुन्या लिफाफ्यांवर निळ्या शाईने लिहिलेली ती नावे मी पाहिली आहेत. माझी मात्रा एक दिवस चारशे आणि एक दिवस दोनशे मिलिग्रॅम अशी आहे. चारशेच्या गोळ्या संपल्या तेव्हा तुम्ही दोनशेच्याच दिल्यात आणि कोणत्या दिवशी एक, कोणत्या दिवशी दोन, हे लिफाफ्यावर वारांनिशी लिहून दिलेत. माझी चिठ्ठी जुनी झाली तेव्हा तुम्ही मला परत न पाठवता, दूरस्थ सल्ल्याबाबतची नवी मार्गदर्शक तत्त्वे वाचून, डॉक्टरांकडून सही केलेली चिठ्ठी फोनवर मागवायला सांगितलेत. ती आल्यावर पुण्याला स्वतः फोन करून खात्री करून घेतलीत, आणि त्याच फोनमध्ये, अंगात ताप आलाच तर मायकोफेनोलेटचे काय करायचे आणि प्रेडनिसोलोन परस्पर बंद का करायचे नाही, हेही विचारून ठेवलेत. तो प्रश्न खरे तर मी विचारायला हवा होता. मला सुचलाच नाही, इतकी मी घाबरलेली होते.

जावळी तालुक्यातील एका मुलीचा भाऊ पोलिसांचा पास काढून मोटारसायकलवर मेढ्याहून तुमच्याकडे आला होता, तेही येथे नमूद केले पाहिजे. ती तुमची गिऱ्हाईक नव्हती, तिचे नाव आम्हा रुग्णांच्या व्हॉट्सॲप गटातून मी तुम्हांला दिले होते. तुम्ही चिठ्ठी तपासलीत, वहीत नोंद केलीत आणि छापील किमतीला औषध दिलेत. "आता पंधरा दिवसांचं नेतोस, पुढचं आल्यावर फोन करतो," असे त्याला म्हणालात, आणि फोन केलातही. ती आता शिक्षिका आहे. तिने तुम्हांला नमस्कार कळवला आहे.

जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या चाचणीत रुग्णालयात दाखल असलेल्या करोना रुग्णांना या औषधाचा उपयोग होत नाही असे दिसून आले आणि मागणी हळूहळू ओसरली. कपाटाकपाटांत साठवलेल्या गोळ्यांचे पुढे काय झाले, देव जाणे. बहुतेक मुदत संपून कचऱ्यात गेल्या असतील.

दुसऱ्या लाटेत मात्र तुमची पुन्हा तशीच परीक्षा झाली, या वेळी स्टेरॉइडच्या बाबतीत. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोणाच्या तरी मोबाइलवरून फिरत आलेली औषधांची यादी दाखवून लोक डेक्सामेथासोन मागत होते. प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचा जीव वाचवणारे हे औषध घरी बसलेल्या, साध्या तापाच्या माणसाने, तेही मधुमेह असताना, मनाने घेतले तर काय होऊ शकते, ते म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराच्या, रूपाने महाराष्ट्राने त्याच सुमारास पाहिले. स्टेरॉइड वर्षानुवर्षे घेणाऱ्या माझ्यासारखीला त्याची किंमत ठाऊक आहे, म्हणून तुम्ही माणसे परत पाठवताना मी मनातल्या मनात तुमच्या बाजूने उभी होते. टोसिलिझुमॅबच्या बाबतीत मात्र तुमचाही इलाज चालला नाही. मूळचे संधिवाताचे हे इंजेक्शन गंभीर करोना रुग्णांसाठी वापरले जाऊ लागले आणि साताऱ्यातल्या माझ्या एका मैत्रिणीचा डोस लांबणीवर पडला. तुम्ही तिच्यासाठी चार ठिकाणी फोन केलेत, मिळाले नाही, आणि "नाही मिळालं" हे सांगायलाही पुन्हा तिला फोन केलात. खोटी आशा न लावता नकार कळवणारी माणसे त्या दिवसांत दुर्मीळ होती.

लसीचेही तसेच. १ मार्च २०२१ पासून सहव्याधी असलेल्या ४५ ते ५९ वर्षांच्या लोकांना लस मिळू लागली; प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ घेणारे रुग्ण त्या यादीत होते. मी चाळिशीच्या आतली. आजार यादीत बसत होता, वय बसत नव्हते. ल्युपस हा प्रामुख्याने तरुण स्त्रियांचा आजार आहे हे यादी करणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे, याचा राग माझ्या मनात अजून आहे. १ मे रोजी अठरा वर्षांवरील सर्वांना परवानगी मिळाली, पण साठा अपुरा म्हणून राज्यात आमच्या वयोगटाचे लसीकरण मेमध्येच थांबवावे लागले. जूनअखेर एके सकाळी "आज ग्रामीण रुग्णालयात डोस आलेत, लवकर जा, सावलीत थांबा" असा तुमचा निरोप आला. मी गेले आणि लस घेऊन आले.

आता खुशाली. लघवीतील प्रथिने गेले वर्षभर मर्यादेत आहेत, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन ठीक आहे आणि प्रेडनिसोलोन डॉक्टरांनी आणखी कमी केले आहे. एचसीक्यू दीर्घकाळ घेणाऱ्यांनी डोळ्यांच्या पडद्याची वार्षिक तपासणी करायची असते. तुम्ही मागच्या महिन्यात आठवण केली होती, ती पुढच्या आठवड्यात पुण्यात करून घेत आहे. अहवाल तुम्हांला दाखवायला आणीन.

एक विनंती आहे. तुमचा मुलगा आता दुकानात बसू लागला आहे. ती २०२० ची नोंदवही कायद्याने ठेवण्याची मुदत केव्हाच संपली असेल, तरी रद्दीत घालू नका. त्याला ती दाखवा, आणि त्यातली कोणती नावे कपाटातल्या लिफाफ्यांवर होती, तेही सांगा.

काकूंना नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

आपली नम्र,
तुमची साडेआठची गिऱ्हाईक