डिस्क ब्रेकच्या किटमध्ये ड्रमचा मास्टर सिलिंडर, आणि दोष माझ्या पायाला

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व निर्यात विभाग,
कोल्हापूर

काल तुमच्या माणसांशी झालेला फोन सहावा होता. इथं मिशिगनमध्ये रात्रीचे साडेअकरा, तुमच्याकडे सकाळचे नऊ. सातवा फोन मी करणार नाही, म्हणून हे पत्र.

गाडी 1966 ची फोर्ड मस्टँग, 289 घनइंचाचं व्ही-8 इंजिन, 200 अश्वशक्ती. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा पंप, एका कप्प्याचा. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. शेजारी मुलाला बसवून ती गाडी चालवायची मला भीती वाटायची. म्हणून मार्चमध्ये तुमचं किट मागवलं. पुढच्या डिस्क, दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, मागच्या ब्रेकचा दाब आवरणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, गाडी एक इंच खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि वळणावर गाडी कलू न देणारा जाड अँटी-रोल बार, सगळं मिळून 940 डॉलर. पुढचं पूर्ण सस्पेन्शन बदलणारी कॉइलओव्हर किटं माझ्या आवाक्याबाहेरची आहेत. चाक धरणाऱ्या वरच्या कंट्रोल आर्मची भोकं एक इंच खाली घ्यायचं काम मी घरीच ड्रिलने केलं. फोर्डचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांची ती युक्ती 1965 च्या शेल्बी जीटी 350 मध्ये वापरली होती, खर्च जवळपास शून्य, आणि वळणावर गाडी लगेच सुधारते. ब्रेकचंही स्वस्तात झालं असतं. 1975 ते 1980 मधल्या फोर्ड ग्रनाडाचे डिस्कसकट स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो भाग) भंगारातून आणून इथली माणसं वर्षानुवर्षं बसवत आली आहेत. मी तसं केलं नाही, कारण तुमच्या खोक्यावर कोल्हापूर लिहिलेलं होतं. माझ्या वडिलांनी उद्यमनगरात 31 वर्षं लेथवर काढली.

आता काय झालं ते सांगतो. किट बसवलं, ब्रेकमधली हवा काढली, पुशरॉडला मोकळा खेळ ठेवला. वुडवर्ड ॲव्हेन्यूवर सहा मैल गेलो असेन. ब्रेक फारसा लावलाच नव्हता, तरी गाडी ओढ घेईना. ट्वेल्व्ह माइल रोडच्या सिग्नलला जळका वास आला आणि डाव्या चाकातून धूर दिसला. डाव्या रोटरचं तापमान मोजलं, 420 फॅरनहाइट. दुसऱ्या दिवशी गाडी जॅकवर घेतली तर पुढची दोन्ही चाकं हाताने फिरेनात. कॅलिपरचा ब्लीडर, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, सैल केला, तेलाची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं. म्हणजे लाइनमध्ये दाब अडकून राहत होता. मास्टर सिलिंडर उतरवला, पुढच्या पोर्टमधली पितळी सीट काढली, आणि मागे लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा रबरी रेसिड्युअल व्हॉल्व्ह स्प्रिंगसकट बसलेला! तो ड्रमला लागतो, डिस्कला नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. डिस्क-ड्रमच्या किटमध्ये तुम्ही ड्रम-ड्रमचा मास्टर सिलिंडर भरून पाठवलात.

आता कालचा फोन. फोन घेणाऱ्या पहिल्या मुलाने व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, मागितला. मी अकरा अक्षरांचा नंबर दिला. "सर, सतरा लागतात." सतरा अक्षरांचा नंबर 1981 पासून आला, ही गाडी 1966 ची आहे, हे मी शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, "मग पुढे सहा शून्यं लावून बघू का?" लावली. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, सिस्टिममध्ये अशी गाडीच नाही. तक्रार नोंदवता येत नाही." गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून मी हे ऐकत होतो. 1966 च्या मस्टँगचं किट विकणाऱ्या कंपनीत 1966 चा नंबर घेणारी सिस्टिम नाही?

मग वरिष्ठ आले. मी व्हॉल्व्हचं सांगितलं, फोटो पाठवल्याचं सांगितलं. फोटो उघडलेले नव्हते. ते म्हणाले, "साहेब, तुमचा पाय पेडलवर राहत असेल. ड्रमची सवय असली की होतं तसं." मी म्हटलं, गाडी जॅकवर होती, आत कुणी नव्हतं, तरी चाक फिरत नव्हतं. पाय कुणाचा? पलीकडे शांतता. मग म्हणाले, "एवढी जुनी गाडी आहे साहेब, कशाला जीव घालता तिच्यात? मुलासाठी नवीन घेऊन टाका."

फोन स्पीकरवर होता. मुलगा शेजारी टॉर्च धरून उभा होता. त्याला मराठी चांगलं कळतं. त्याने टॉर्च खाली केला. तीन महिने शनिवार-रविवार तो माझ्याबरोबर या गाडीखाली झोपून काम करतोय. ब्रेकच्या तक्रारीवर गाडी विकून टाका हे उत्तर तुमच्या कंपनीने त्याला ऐकवलं. 1964 साली ही गाडी बाजारात आली तेव्हा ती डिअरबॉर्नच्या ज्या कारखान्यात बनायची, तो आमच्या घरापासून अर्ध्या तासावर होता. इथं या गाड्यांना कुणी "कशाला जीव घालता" म्हणत नाही.

स्प्रिंगांचंही तेच. डावी बाजू उजवीपेक्षा पाऊण इंच खाली बसते. तुमचा माणूस म्हणाला, "बसतील हळूहळू." मी वडिलांच्या व्हर्नियरने तार मोजली. डावी 15.4 मिलिमीटर, उजवी 15.9. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे उजवी स्प्रिंग जवळपास 14 टक्के जास्त कडक. त्या हळूहळू बसून सारख्या होणार नाहीत. दोन वेगळ्या स्प्रिंगा एका जोडीत आल्या आहेत. वडिलांच्या खात्यात असा माल दारातूनच परत गेला असता.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे इथली जुन्या गाड्यांची मोठी फेरी, झाली. आमची गाडी गॅरेजात जॅकवर होती.

मला योग्य मास्टर सिलिंडर, मोजून घेतलेली स्प्रिंगांची जोडी, आणि करपलेले पॅड व तापलेले दोन्ही रोटर बदलून हवेत, तुमच्या खर्चाने. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच लॉटमधला मास्टर सिलिंडर ज्यांना ज्यांना गेला त्या प्रत्येकाला लेखी कळवा. माझा धूर सिग्नलला निघाला, दुसऱ्या कुणाचा हायवेवर निघेल. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर कार्डच्या बँकेकडे पैसे अडवायची मागणी करेन आणि इथल्या नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशनकडे सुट्या भागाची सुरक्षा-तक्रार दाखल करेन. कोल्हापूरच्या मालाविरुद्ध असा कागद भरायची वेळ माझ्यावर आणू नका.

आणि माझा पाय पेडलवर नव्हता, हे त्या वरिष्ठांना लेखी कळवा. व्हॉल्व्ह, त्याची स्प्रिंग आणि पितळी सीट पिशवीत बंद करून ठेवली आहे. मागाल तेव्हा पाठवतो.

तुमचा ग्राहक,
रॉयल ओक, मिशिगन

सोबत: ऑर्डरची पावती, 14 फोटो