नूतनीकरणाच्या अर्जासोबत कामाचा क्रमही मागावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की नेरुळ-वाशीपासून ठाण्याच्या नौपाडा-वर्तकनगरपर्यंत जुन्या इमारतींमध्ये घणाचे आणि ड्रिलचे आवाज सुरू होतात. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 साली झाली. त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत उभ्या राहिलेल्या वसाहतींतील पुष्कळ घरांचे नळ आता गंजले आहेत, न्हाणीघरे पाझरू लागली आहेत आणि जुन्या वायरिंगला एसी-गीझरचा भार पेलत नाही. अशा वेळी एखाद्या खोलीची डागडुजी पुरत नाही, सगळे घरच उकलावे लागते. या कामाच्या खर्चाची आणि सामानाची चर्चा घरोघरी होते. कोणते काम कोणत्या कामाच्या आधी व्हायला हवे, याची मात्र फारशी होत नाही. ती आम्हीही केली नव्हती, आणि त्याचा भुर्दंड आमच्याइतकाच खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनाही पडला, म्हणून हे पत्र.

आम्ही नेरुळमधील आमच्या घराचे काम काढले तेव्हा ठेकेदाराने न्हाणीघराची जुनी फरशी उखडून मैलापाण्याचा नवा पाइप टाकला, विटांच्या तुकड्यांचा कोबा भरला, वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले आणि पाणी साठवून दाखवले. इथपर्यंत सारे चोख होते. कमोड घ्यायला आम्ही दुकानात गेलो ते त्यानंतर. पसंत पडलेल्या भांड्याचे मैलापाणी बाहेर सोडणारे तोंड मागच्या भिंतीपासून 9 इंचांवर होते आणि आमचा पाइप 12 इंचांवर निघाला होता, हे भांडे घरी आल्यावर कळले. तीन इंचांचाच प्रश्न आहे, असे म्हणत प्लंबरने कटर लावून तीच ताजी जमीन कापली, पाइप सरकवला आणि खाच सिमेंटने बुजवली. फरशीवाला दारात थांबला होता, त्यामुळे पुन्हा पाणी साठवून पाहण्याचे राहून गेले. दोन महिन्यांनी खालचे काका वर आले आणि म्हणाले, "ताई, जरा खाली येऊन बघता का?" त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला ताटाएवढे चहाच्या रंगाचे वर्तुळ उमटले होते आणि त्याच्या मधोमध एक थेंब लोंबत होता. नवी फरशी फोडून ते काम मुळापासून पुन्हा करेपर्यंत काकूंनी तीन आठवडे ओट्याशेजारी बादली ठेवून स्वयंपाक केला. दोघांनी आम्हाला एका शब्दानेही दुखावले नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

ठेकेदाराने घाई केली हे खरे असले तरी चुकीचे मूळ आमच्याच नियोजनात होते. घराचे काम ज्या क्रमाने होते, त्याच्या उलट्या क्रमाने निर्णय घ्यावे लागतात. कमोड, बेसिन, नळ, गीझर, चिमणी, फ्रिज, पलंग, कपाट या घरात सर्वांत शेवटी येणाऱ्या वस्तू. पण त्यांची मापे पहिला घण पडण्याआधी कागदावर हवीत. पलंग कोणत्या भिंतीला लागणार हे ठरल्याशिवाय वायरमनला बोर्डाची जागा सांगता येत नाही, आणि अंदाजाने सांगितलेला बोर्ड हमखास कपाटामागे जातो. एसी आणि गीझर यांना मुख्य बोर्डापासून 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर द्यायची, तर तिची नळी गिलाव्याच्या आधी भिंतीत बसायला हवी, आणि एसीचे पाणी वाहून नेणाऱ्या पाइपला पुरेसा उतार मिळेल अशी वाटही तेव्हाच पाडायला हवी. भिंतीत पुरला जाणारा शॉवरचा मिक्सर, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणारा नळ, किती खोल बसवायचा हे टाइलच्या जाडीवर ठरते, म्हणजे टाइलची निवडही प्लंबरच्या आधी व्हायला हवी.

प्रत्यक्ष कामात सर्वांत आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवावे. कॉलम आणि बीम यांना छिन्नीही लागता कामा नये. तोडफोड, भिंतींचे बदल आणि खिडक्यांच्या चौकटी झाल्या की पाण्याच्या पाइपांसाठी आणि वायरच्या नळ्यांसाठी खाचा पाडल्या जातात. खाचा बुजवण्यापूर्वी पाइपांत हातपंपाने दाब देऊन गळती तपासावी, आणि मोजपट्टी धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढावेत. पुढे पडद्याच्या दांडीसाठी भोक पाडताना आत पाइप कुठे आहे हे सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो. गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारावे. जमिनीची पातळी ठरवताना आमच्या गवंड्याने पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन सगळ्या खोल्यांत एकाच उंचीवर रेघ मारली आणि दारे, उंबरे, न्हाणीघराचा ढाळ हे सारे त्या रेघेपासून मोजले. त्यामुळे फरशी बसल्यावर एकही दार रंधून कमी करावे लागले नाही.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर न्हाणीघरात निदान 48 तास पाणी साठवून खालच्या घराचे छत पाहावे, आणि त्यानंतर जमिनीला कोणी हात लावलाच तर चाचणी पुन्हा करावी. फरशी आधी की सुतारकाम आधी, यावर मतभेद असतात. माझ्या मते फरशी आधी बसवावी आणि प्लास्टिक व पीओपीने झाकावी, कारण स्वयंपाकघरातील कपाटे पक्क्या पातळीवरच उभी राहतात. फॉल्स सीलिंग, पुट्टीची घासाई आणि रंगाचा पहिला हात सुताराच्या आधी उरकावा. शेवटचा हात मात्र तो गेल्यावर द्यावा.

आपल्याकडे या सगळ्याला पावसाळ्याची हद्द आहे. बाहेरच्या भिंतीच्या भेगा आणि खिडक्या जूनपूर्वी बंद व्हायला हव्यात, आणि ओल पुरती निघाली नसताना जुलैच्या दमट हवेत लावलेली पुट्टी सुटतेच. म्हणून तारखा जूनपासून मागे मोजत ठरवाव्यात.

सोसायट्यांच्या परवानगीच्या अर्जात सहसा अनामत रक्कम, कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर आणि राबिट, म्हणजे तोडफोडीचा मलबा, कुठे टाकणार एवढेच विचारलेले असते. त्याला एक पान जोडावे, अशी माझी ठाणे आणि नवी मुंबईतील गृहनिर्माण संस्थांना कळकळीची विनंती आहे. त्या पानावर कामांचा क्रम तारखांसह असावा, भिंतीत आणि जमिनीत बसणाऱ्या वस्तूंची निवड झाल्याची नोंद असावी, आणि पाणी साठवण्याच्या चाचणीनंतर खालच्या घराने छत पाहून केलेल्या सहीची जागा असावी. ती सही होईपर्यंत न्हाणीघरात फरशी बसवू देऊ नये, आणि मालकानेही ठेकेदाराचा पुढचा हप्ता तोवर थांबवावा. आमच्या सोसायटीच्या समितीने असे पान तयार केले आहे, आणि त्यातील सहीचा रकाना कसा असावा हे खालच्या काकांनीच सुचवले आहे.

आपली नम्र,
एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई