वेळापत्रक वाईट आठवड्यावर बेतावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छोट्या व्यवसायाने समाजमाध्यमांवर रोज काहीतरी टाकलेच पाहिजे, नाहीतर ग्राहक विसरतात, हा सल्ला आता व्यवसाय मार्गदर्शनाच्या बहुतेक कार्यशाळांत आणि लेखांत ऐकायला मिळतो. शिलाई मशीनची विक्री आणि दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे. मी आणि दोन कारागीर एवढाच आमचा पसारा. हा सल्ला मी मनापासून पाळून पाहिला आणि तो आमच्यासारख्यांना पेलत नाही हे अनुभवले. त्यानंतर निराळ्या पद्धतीने सुरू केलेले कंटेंट मार्केटिंगचे, म्हणजे ग्राहकाला उपयोगी माहिती देऊन व्यवसायाकडे वळवण्याचे, काम मात्र आज तिसऱ्या वर्षीही खंड न पडता चालू आहे. आपल्या वाचकांत लहान व्यवसाय चालवणारे अनेक जण असतील, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पहिल्या वेळी एका जाहिरात संस्थेने आम्हाला महिन्याला 30 पोस्टचे वेळापत्रक आखून दिले होते. त्यात सुविचार होते, शुभेच्छा होत्या, ‘आमची वैशिष्ट्ये’ होती. मशीनविषयी मात्र फारसे काही नव्हते, कारण ते लिहायला मशीन उघडून पाहिलेला माणूस लागतो. पहिले तीन-चार आठवडे उत्साहात गेले. पाचव्या आठवड्यात एक कारागीर आजारी पडला, दुरुस्तीची कामे साचली आणि रात्री दुकान बंद केल्यावर पोस्ट तयार करण्याचे बळ अंगात उरेना. सातव्या आठवड्यात सगळे थांबले. एकदा खंड पडल्यावर पुन्हा सुरुवात करायचा संकोच वाटू लागला आणि त्या संकोचात वर्ष निघून गेले. तेव्हा मी माझ्या शिस्तीला दोष देत होतो; आता देत नाही. ते वेळापत्रकच चांगला आठवडा गृहीत धरून आखलेले होते, आणि छोट्या व्यवसायात चांगले आठवडे सलग कधीच येत नाहीत.

म्हणून दुसऱ्या वेळी मी उलट बाजूने विचार केला. माणूस कमी आहे, कामाचा ढीग आहे, घरात कोणी आजारी आहे, अशा आठवड्यातही या कामाला किती वेळ निघेल? प्रामाणिक उत्तर आले ते दीड तास. तेवढ्यात जे बसेल तेच आमचे वेळापत्रक ठरले: 15 दिवसांतून ग्राहकांच्या एका प्रश्नाचे नीट लिहिलेले उत्तर आमच्या संकेतस्थळावर, त्यासोबत दोन-तीन छायाचित्रे, आणि त्याच उत्तराचा चार ओळींचा सारांश व्हॉट्सॲपवर. कामाचा जोर ओसरतो त्या आठवड्यांत दोन-तीन उत्तरे जास्तीची लिहून ठेवायची, पण ती लगेच प्रसिद्ध करायची नाहीत. हा साठा हाताशी असला की अडचणीच्या महिन्यातही खंड पडत नाही. उत्साहाच्या भरात सगळे एकदम टाकून मोकळे होण्याचा मोह आवरणे, हाच या पद्धतीतला मला सर्वांत कठीण गेलेला भाग आहे.

काय लिहायचे, या प्रश्नासाठी कोणत्याही संस्थेकडे जावे लागत नाही. फोनजवळ एक वही ठेवली आहे आणि ग्राहकाने विचारलेला प्रश्न त्याच्याच शब्दांत तिच्यात उतरवायचा, एवढा एकच नियम आम्ही तिघेही पाळतो. एक उदाहरण देतो. ‘कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता होतो, बॉबिन बिघडली असेल का?’ हा प्रश्न आठवड्यातून तीन-चार वेळा येत असे. गुंता खालच्या बाजूला दिसतो म्हणून संशय बॉबिनवर, म्हणजे खालचा दोरा गुंडाळलेल्या छोट्या रिळावर, जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा वरचा दोरा ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. कापड दाबून धरणारा फूट खाली असताना दोरा ओवला, तर त्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात शिरत नाही. फूट उचलून पुन्हा ओवला की बहुधा गुंता थांबतो. हे मी फोनवर ज्या शब्दांत सांगत असे, त्याच शब्दांत एका दुपारी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले, मग कागदावर उतरवून साफसूफ केले आणि फूट खाली असतानाचे एक व वर असतानाचे एक अशी छायाचित्रे काढली. सगळे मिळून तासाभराचे काम होते. ते उत्तर आजही लोक शोधून वाचतात, आणि फोनवर कोणी तोच प्रश्न विचारला तर त्याचा दुवा पाठवता येतो.

असे फुकट सांगत बसलात तर दुरुस्तीला कोण येईल, अशी शंका माझ्या एका कारागिरालाच होती. ती गैर नाही. पण दोरा पुन्हा ओवून देण्याचे आम्ही पूर्वीही पैसे घेत नव्हतो. ज्याची अडचण घरबसल्या सुटली, तोच माणूस मोटार जळाल्यावर किंवा मशीन सर्व्हिसिंगला द्यायची झाल्यावर आमच्याकडे येतो, हे आम्ही वारंवार पाहिले आहे.

ही रीत काही इंटरनेटमुळे आलेली नाही. शेतीची अवजारे बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीने 1895 मध्ये ‘द फरो’ हे नियतकालिक काढले आणि त्यात शेतकऱ्यांना शेतीविषयीची माहिती दिली. ते आजही निघते. टायर बनवणाऱ्या मिशेलिन बंधूंनी 1900 मध्ये फ्रान्समधल्या मोटारचालकांसाठी मार्गदर्शिका छापून मोफत वाटली. टायर कसा बदलावा, इंधन कुठे मिळेल, दुरुस्ती कुठे होईल, हे तिच्यात दिलेले होते. अवजारे आणि टायर विकणाऱ्या या दोन्ही कंपन्यांनी ग्राहकाच्या अडचणीपासून सुरुवात केली, आणि दोघांपैकी कोणालाही त्यासाठी रोज छपाई करावी लागली नाही.

गूगलचेही धोरण अलीकडे याच दिशेने गेलेले दिसते. मजकुराचा दर्जा तपासण्याच्या आपल्या निकषांत गूगलने डिसेंबर 2022 मध्ये ‘प्रत्यक्ष अनुभव’ या निकषाची भर घातली, आणि मार्च 2024 मध्ये केवळ शोधनिकालांत वर येण्यासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेल्या निरुपयोगी मजकुराविरुद्धचे नियम कडक केले, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. एआयकडून दिवसाला दहा लेख लिहवून घ्यावेत, असे सुचवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे. भाषा तपासण्यासाठी मीही ते साधन वापरतो, पण कोणत्या मशीनचा कोणता स्क्रू ढिला होतो हे मला माझ्या हातांनी शिकवले आहे आणि वाचकाला तेच हवे असते.

आणखी एक काळजी घेण्याजोगी आहे. मूळ मजकूर आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावा आणि समाजमाध्यमांवर त्याचा सारांश द्यावा, उलटे करू नये. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झाले, गूगल प्लस 2019 मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झाले, आणि फेसबुकने जानेवारी 2018 मध्ये व्यवसायांच्या पानांपेक्षा मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य देण्याचे जाहीर केले. ज्यांनी सारे काही तिथेच साठवले होते, त्यांच्या हातात यातले काहीच नव्हते.

फळ किती दिवसांत दिसते, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. संकेतस्थळावरील सुधारणांचा शोधनिकालांत लाभ दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागते, असे खुद्द गूगलच्या मार्गदर्शनात म्हटले आहे, आणि आमचा अनुभवही तसाच आहे. पहिल्या पाच महिन्यांत जवळजवळ काहीच घडले नाही. त्या काळात लाइक मोजत बसलो असतो तर दुसऱ्यांदाही हातपाय गाळले असते. आम्ही फक्त एक गोष्ट मोजतो: नव्या ग्राहकाला ‘आमच्याविषयी कुठून कळले?’ असे विचारून त्याचे उत्तर पावतीच्या स्थळप्रतीवर लिहून ठेवतो. वर्षातून दोनदा त्या नोंदी काढून बसतो, जुनी झालेली उत्तरे दुरुस्त करतो आणि ज्या विषयाने एकही माणूस आणला नाही तो पुन्हा घेत नाही.

व्यवसायविषयक पानांवर सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांना आपल्यामार्फत माझी एक विनंती आहे. एखादा उपक्रम सुचवताना त्याला आठवड्याला किती तास लागतील आणि ते काम दुकानातल्या नेमक्या कोणी करायचे, हेही त्यांनी त्याच लेखात लिहावे. तीन माणसांच्या व्यवसायाला सल्ल्याइतकीच या दोन गोष्टींची गरज असते.

आपला विश्वासू,
एक लघुव्यावसायिक वाचक