डिस्क भंगारात टाकण्याआधी एकदा कॉम्प्युटरमध्ये घालून बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्याकडे एका वाचकांचं पत्र आलं होतं, की घरी राइट केलेल्या जुन्या डीव्हीडी आता चालत नाहीत, प्लेयर एक तर 'नो डिस्क' म्हणतो नाहीतर मध्येच अडकतो, मग कशाला जागा अडवायची, सगळं पोतं भंगारात दिलेलं बरं. वाचून पोटात गोळाच आला, कारण तीन महिन्यांपूर्वी मीपण हेच करणार होतो.

झालं असं की २००९ साली मी वडिलांना समोर बसवून कॅमेऱ्यावर तासभर बोलतं केलं होतं, त्याची डीव्हीडी बनवली आणि मग अतिशहाणपणा करून कॅमेऱ्यातल्या त्याच टेपवर दुसरं काहीतरी रेकॉर्ड केलं. आता वडील नाहीत. तीन महिन्यांपूर्वी ती डिस्क लावली तर ५२ मिनिटं १७ सेकंदांवर चित्राचे चौकोन चौकोन झाले, आवाज तुटला आणि प्लेयरवरचा आकडा तिथंच ठप्प, वडिलांचा हात अर्धवट वर उचललेला. दुसऱ्यांदा लावली, परत ५२:१७. तिसऱ्यांदा पण तेच.

आता हे 'तिथंच' अडकणं हाच खरा पुरावा असतो हे मला नंतर कळलं. दरवेळी वेगळ्या ठिकाणी अडकत असेल तर संशय प्लेयरवर, त्याची लेन्स मळलेली किंवा लेसर थकलेला. नेमकं एकाच जागी अडकत असेल तर डिस्कचा तेवढा भाग खराब. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे सिनेमाचा शेवट बाहेरच्या कडेला असतो आणि आपली बोटं पण नेमकी कडेलाच लागतात. मी डिस्क दिव्याखाली तिरकी धरली तर कडेला अंगठ्याचा ठसा, रेषा न् रेषा मोजता येईल इतका स्पष्ट. मऊ कापड किंचित ओलं करून मधून कडेकडे सरळ पुसलं. गोल गोल पुसू नका, कारण ट्रॅकच्या दिशेनं ओरखडा गेला तर सलग बराच डेटा जातो, आडवा गेला तर प्रत्येक फेरीतला थोडाथोडाच जातो आणि तेवढी चूक प्लेयर स्वतःच सुधारून घेतो. पुसल्यावर गाडी ५८ मिनिटांपर्यंत गेली.

उरलेल्यासाठी कॉम्प्युटर. माझ्या ड्राइव्हनं नुसती घरघर केली पण मित्राच्या ड्राइव्हनं तीच डिस्क बरीच वाचली, त्यामुळे एका ड्राइव्हनं नाही म्हटलं म्हणून लगेच हार मानू नका. साधं कॉपी-पेस्ट करू नका, ते पहिल्या एररला थांबतं. डीडीरेस्क्यूसारखा प्रोग्राम आधी चांगला भाग उचलून घेतो आणि मग खराब जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. रात्रभर चालू ठेवला, सकाळी सात-आठ सेकंद सोडले तर सगळं हाताशी. शेवटच्या मिनिटाला वडील म्हणतात, "पुरे आता, बंद कर ते." हे मी विसरूनच गेलो होतो.

यात अर्धी चूक माझीच होती. डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटरच्या हिशोबात ती ४.३७च्या आसपास भरते, आणि मी ती काठोकाठ, म्हणजे पार कडेपर्यंत भरली होती. तासाभराचं शूटिंग म्हणून व्हिडिओचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारा डेटा, ९ एमबीपीएस (मेगाबिट) ठेवला, वर आवाज पीसीएम, म्हणजे न दाबलेला, तो एकटाच दीड एमबीपीएस. डीव्हीडी व्हिडिओची एकूण मर्यादाच १०.०८ एमबीपीएस आहे, मग प्लेयर बिचारा धापा टाकणार नाही तर काय! आवाज एसी३, म्हणजे दाबून लहान केलेला ठेवला असता आणि व्हिडिओ ६-७ वर ठेवला असता तर बघताना काही फरक कळला नसता. आणि घाई म्हणून १६ एक्सवर, म्हणजे मूळ वेगाच्या सोळा पट वेगानं राइट केली. आता ८ एक्सवर करतो, कडेची थोडी जागा मोकळी सोडतो आणि डिस्क राइट करायच्या इम्गबर्न प्रोग्राममध्ये व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं परत वाचून तपासणं, कधीच बंद करत नाही, दहा मिनिटं जास्त जातात ती जाऊ देत.

'नो डिस्क'चं प्रकरण वेगळं. त्यात डिस्क बऱ्याचदा धडधाकट असते. सगळ्यात कॉमन म्हणजे फायनलाइझ न केलेली, म्हणजे रेकॉर्डिंग संपल्यावर इतर प्लेयरना वाचता यावी म्हणून बंद न केलेली डिस्क, विशेषतः डीव्हीडी कॅमकॉर्डर किंवा रेकॉर्डरवरची, ती शक्यतो ज्या मशीनवर रेकॉर्ड केली त्यावरच फायनलाइझ करावी लागते, म्हणून मशीन टाकून देण्याआधी डिस्क तपासा. दुसरं, फाइल नुसती डेटा म्हणून कॉपी केलेली असते, साध्या प्लेयरला व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर आणि त्यात व्हॉब, आयएफओ अशा ठरावीक फाइली लागतात, आत एमपेग-२ प्रकारचा व्हिडिओ लागतो. कॉम्प्युटरवर चालते आणि टीव्हीखालच्या प्लेयरवर नाही, असं असेल तर हेच आधी बघा. तिसरं, रीराइटेबल, म्हणजे पुसून परत लिहिता येणारी डिस्क. तिच्यावरून प्रकाश कमी परततो, जुन्या प्लेयरना ती दिसतच नाही, ठेवायच्या गोष्टी तिच्यावर ठेवूच नयेत असं माझं स्पष्ट मत. प्लस आर आणि मायनस आर या राइट करायच्या डीव्हीडीच्या दोन प्रकारांचं भांडण नवीन प्लेयरमध्ये मिटलंय, पण जुना प्लेयर प्लस आर नाकारत असेल तर राइट करण्याआधी बुक टाइप, म्हणजे डिस्क स्वतःचा प्रकार काय सांगते ती खूण, डीव्हीडी-रॉम (कारखान्यात छापलेली डिस्क) अशी करून बघा, ड्राइव्हमध्ये सोय असेल तर.

आणि ती वरची चिकट लेबलं! ती हौस मीपण केली होती. कागद एका बाजूला जरा जरी सरकला की डिस्क फिरताना थरथरते. चिकटलेलं असेल तर ओढून काढू नका, आधी कॉपी करून घ्या. नाव लिहायचंच तर मऊ टोकाच्या मार्करनं, बॉलपेननं दाबून नको.

त्या वाचकांचं पोतं अजून दारात असेल तर निदान त्यातल्या हातानं नावं लिहिलेल्या डिस्का तेवढ्या बाजूला काढा म्हणावं, म्हणून हे पत्र जरा लवकर छापता आलं तर बघा.

आपला,
एक नेहमीचा वाचक