डिकीतल्या गोलाकार बॉक्ससाठी, काका, तुमचे आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गाडीतल्या स्पीकरना ताकद देणारा ॲम्प्लिफायर बसला, बॉक्सवर कार्पेट चढलं, जोडणीही झाली. समोर असलो की तुम्ही आभाराचं बोलूच देत नाही, म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं.

मी तुमच्याकडे आलो ते एक आकार डोक्यात घेऊन. डिकीच्या कडेला, चाकावरच्या उंचवट्याला बिलगून वळणारा बॉक्स आणि त्यात झाकलेला ॲम्प. तुम्ही आकाराबद्दल अवाक्षर न काढता विचारलंत, "गरम हवा कुठून बाहेर पडणार?" माझ्यासारखा क्लास एबी प्रकारचा ॲम्प बॅटरीकडून जी वीज ओढतो, तिचा मोठा हिस्सा उष्णता होऊन हीटसिंकमध्ये, म्हणजे ती बाहेर सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत, उतरतो. हवा कोंडली की ॲम्प तापतो आणि ऐन गाण्यात स्वतःला बंद करून घेतो. म्हणून आधी ॲम्पच्या चहूबाजूंनी मोकळी जागा आखली, खाली हवा आत घेणारा एक लहान पंखा, वरच्या टोकाला ती बाहेर फेकणारा दुसरा. बॉक्सची उंची आणि गोलाई त्या हवेच्या वाटेवरून ठरली.

18 मिमीचं एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, वाकतं, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. फळीच्या आतल्या अंगाला समांतर खाचा पाडायच्या, 16 मिमी खोल, म्हणजे बाहेरच्या अंगाला जेमतेम 2 मिमी उरतात. हिशोब तुम्ही पुठ्ठ्यावरच मांडलात. काटकोनात वळवायचं तर आतली बाजू साधारण 25 मिमी आखडली पाहिजे. करवतीचं पातं 3 मिमी जाड, म्हणून खाचा नऊ. वळण ऐसपैस असो की आवळलेलं, खाचा तेवढ्याच, फक्त त्यांच्यातलं अंतर बदलतं. किती सुंदर गोष्ट आहे ही! मी ती तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलोय.

मग खाचांत गोंद भरून फळी वळवायला घेतली. घाई नाही, जोर नाही. एकेक खाच मिटत गेली तसा गोंद कडेने फुगून वर आला आणि तुम्ही तो ओल्या फडक्याने लगेच टिपत राहिलात. गोंद वाळल्यावर बाहेरून प्रत्येक खाचेमागे बारीकशी धार जाणवत होती. तिथे लांबी (पुट्टी) भरून आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर, नंतर 120. झालं की नाही हे तुम्ही डोळे मिटून, तळहात फिरवून ठरवायचात. मलाही तसंच करायला लावलंत, आणि नजरेला सपाट दिसणारा उंचवटा हाताला लागतो हे कळलं.

वायरिंगमध्येही तुमचा हात आहेच. बॅटरीपासून 18 इंचांच्या आत फ्यूज, अर्थिंगच्या जागी रंग खरवडून उघडा पत्रा, आणि आवाजाचा सिग्नल नेणारी आरसीए केबल पॉवरच्या वायरीपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या कडेने. म्हणूनच, एरवी इंजिनच्या वेगाबरोबर चढत जाते ती शिट्टी स्पीकरमध्ये अजिबात नाही.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते मागचं झाकण. ते चिकटवायचं नाही, स्क्रूनेच बसवायचं, यावर तुम्ही अडून बसलात. देखणे बॉक्स मी पुष्कळ पाहिलेत, पण गेनचं, म्हणजे सिग्नलची पातळी जुळवायचं, बटण फिरवायला किंवा फ्यूज बदलायला निम्मं कार्पेट फाडावं लागतं अशातले. आपला बॉक्स चार स्क्रूंत उघडतो.

हे सगळं तुम्ही एकट्याने कितीतरी लवकर उरकलं असतं. तरी करवत माझ्या हातात दिलीत आणि शेजारी उभे राहिलात, त्याबद्दल मनापासून आभार.

पुठ्ठ्याचा साचा मी जपून ठेवलाय. असाच बॉक्स कुणाला हवा असेल तर तो साचा घेऊन जा, आणि खाचा पाडायला मला हाक मारा. आणि हो, एकदा गाडीत बसून ऐकायला या. पुढची सीट तुमची.

तुमचा नम्र,
करवत धरायला शिकलेला